योरिस इव्हेन्स

योरिस इव्हेन्स (१८ नोव्हेंबर १८९८, नाइमेगेन – २८ जून १९८९, पॅरिस) हे डच माहितीपट दिग्दर्शक होते. मूकपटांच्या काळात सुरू झालेली त्यांची कारकीर्द सहा दशके चालली. या काळात त्यांनी युरोप, आशिया, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि दोन्ही अमेरिका खंडांत चित्रीकरण केले. बेल्जियममधील खाणकामगारांचा संप, स्पेनमधील यादवी युद्ध, चीन-जपान युद्ध, इंडोनेशियाचा स्वातंत्र्यलढा, व्हिएतनाम युद्ध आणि चीनमधील सांस्कृतिक क्रांती हे त्यांच्या माहितीपटांचे प्रमुख विषय होते.

माहितीपटकाराने दोन पक्षांमध्ये तटस्थ न राहता बाजू घ्यावी, अशी इव्हेन्स यांची धारणा होती. या धारणेमुळे १९४५ मध्ये त्यांनी डच सरकारच्या सेवेतील पदाचा राजीनामा दिला आणि पुढे अनेक वर्षे मायदेशाचा रोष ओढवून घेतला. सोव्हिएत संघ आणि चीन या देशांतील साम्यवादी राजवटींच्या दडपशाहीकडे त्यांनी डोळेझाक केली, ही त्यांच्यावर होणारी टीकाही याच धारणेशी निगडित आहे.

सुरुवातीचे जीवन

इव्हेन्स यांचे मूळ नाव गेओर्ग हेन्री आंतोन इव्हेन्स असे होते. त्यांचे आजोबा विल्हेल्म हे छायाचित्रकार होते. वडील केस इव्हेन्स यांचा छायाचित्रण साहित्याच्या विक्रीचा व्यवसाय होता आणि 'कापी' या नावाने त्यांची दुकाने चालत. नाइमेगेन येथे वाल नदीवर पूल व्हावा यासाठी केस इव्हेन्स यांनी दीर्घकाळ प्रयत्न केले; तो पूल १९३६ मध्ये खुला झाला.

घरातच कॅमेरे उपलब्ध असल्याने योरिस यांनी वयाच्या तेराव्या वर्षी कुटुंबातील माणसांना घेऊन एक छोटा चित्रपट तयार केला. त्यात घरच्या मंडळींनी अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या भूमिका केल्या होत्या. वडिलांचा व्यवसाय सांभाळण्याच्या दृष्टीने त्यांनी रॉटरडॅम येथे अर्थशास्त्राचे आणि त्यानंतर बर्लिन येथे छायाचित्रणाच्या तंत्राचे शिक्षण घेतले. पहिल्या महायुद्धानंतरच्या बर्लिनमधील महागाई, बेकारी आणि कामगारांची आंदोलने त्यांनी जवळून पाहिली. नेदरलँड्सला परतल्यावर ते अ‍ॅमस्टरडॅममधील 'कापी'च्या शाखेत काम करू लागले.

कारकीर्द

फिल्मलिगा आणि प्रायोगिक लघुपट

१९२७ मध्ये सोव्हिएत दिग्दर्शक पुदोव्हकिन यांच्या 'आई' या चित्रपटाच्या प्रदर्शनास अ‍ॅमस्टरडॅममध्ये मनाई करण्यात आली. त्यानंतर काही कलावंत व लेखकांनी तो एका खासगी मंडळात दाखवला. यातूनच 'फिल्मलिगा' ही चित्रपट संस्था उभी राहिली. इव्हेन्स तिच्या संस्थापकांपैकी एक होते आणि तांत्रिक बाजू सांभाळत असत. या संस्थेमुळे युरोपातील नव्या चित्रपटांशी आणि दिग्दर्शकांशी त्यांचा परिचय झाला.

१९२८ मध्ये प्रदर्शित झालेला 'डे ब्रुख' (पूल) हा त्यांचा पहिला महत्त्वाचा लघुपट होय. रॉटरडॅममधील रेल्वेचा उचलता पूल, त्याची चाके, तारा आणि वजने यांच्या हालचालींचे चित्रण त्यात आहे. यासाठी त्यांनी 'किनामो' हा हातात धरता येणारा छोटा कॅमेरा वापरला. पुढच्या वर्षी मानुस फ्रांकन यांच्यासह त्यांनी 'रेखन' (पाऊस) हा लघुपट केला. पाऊस सुरू होण्याआधीच्या वाऱ्यापासून तो थांबेपर्यंतचे अ‍ॅमस्टरडॅम शहर त्यात दिसते. पडद्यावर एकच सर वाटणारा हा पाऊस प्रत्यक्षात अनेक महिने थोडाथोडा चित्रित करून जोडलेला आहे. संगीतकार हान्स आइस्लर यांनी १९४१ मध्ये या मूकपटासाठी संगीतरचना केली.

या दोन लघुपटांमुळे इव्हेन्स यांचे नाव युरोपात सर्वत्र झाले. मात्र त्यांत राजकीय आशय नव्हता. आकार, गती आणि प्रकाश हेच त्यांचे विषय होते.

कामगार चळवळीकडे

१९३० मध्ये डच बांधकाम कामगारांच्या संघटनेसाठी त्यांनी 'वै बाउवेन' (आम्ही बांधतो) हा चित्रपट तयार केला. त्याच सुमारास ते डाव्या विचारांच्या एका सांस्कृतिक संघटनेसाठी वार्तापटही करत असत. त्यांनी पुढे लिहिलेल्या आठवणींनुसार व्यावसायिक वार्तापटांच्या प्रती आठवड्याअखेरीस उसन्या आणल्या जात, त्यांतील दृश्यांचा क्रम बदलून त्या कामगारांना दाखवल्या जात आणि पुन्हा मूळ क्रमाने जोडून परत केल्या जात. तीच दृश्ये वेगळ्या क्रमाने लावल्यास वेगळा अर्थ देतात, याचा अनुभव त्यांना या कामातून आला.

१९३१ मध्ये फिलिप्स कंपनीसाठी केलेल्या 'फिलिप्स रेडिओ' या बोलपटात कारखान्यातील यंत्रांबरोबर काच फुंकणाऱ्या कामगारांचे श्रमही ठळकपणे दिसतात. १९३० मध्ये त्यांनी सोव्हिएत संघाचा पहिला दौरा केला होता. दुसऱ्या दौऱ्यात उरल पर्वताजवळील मॅग्निटोगोर्स्क येथे उभारल्या जाणाऱ्या पोलाद कारखान्यावर त्यांनी 'कोमसोमोल' हा चित्रपट तयार केला. तो 'वीरांचे गाणे' या नावानेही ओळखला जातो. झोतभट्टी वेळेत उभी करण्यासाठी झटणारे तरुण स्वयंसेवक हे त्याचे नायक आहेत. या कारखान्याच्या बांधकामावर गावांतून हद्दपार करून आणलेले हजारो शेतकरीही राबत होते. चित्रपटात मात्र त्यांचा उल्लेख नाही.

बोरिनाज आणि नवी जमीन

बेल्जियमच्या बोरिनाज या कोळसा खाणींच्या प्रदेशात १९३२ मध्ये मोठा संप झाला. संप संपल्यानंतर अनेक खाणकामगारांना कामावरून आणि कंपनीच्या घरांतून काढण्यात आले. बेल्जियन दिग्दर्शक आँरी स्टॉर्क यांच्या निमंत्रणावरून इव्हेन्स १९३३ मध्ये तेथे गेले. दोघांनी पोलिसांची नजर चुकवून आणि कामगारांच्या घरांत आसरा घेऊन 'मिझेर ओ बोरिनाज' (बोरिनाजमधील दैन्य) हा मूकपट चित्रित केला. खाणींच्या टाकाऊ दगडमातीच्या ढिगाऱ्यांतून कोळशाचे तुकडे वेचणाऱ्या बायका, गादीविना झोपणारी मुले आणि सामान जप्त होऊ नये म्हणून त्यावर ठाण मांडून बसलेले शेजारी ही त्यातील प्रमुख दृश्ये आहेत.

या चित्रपटापासून इव्हेन्स यांच्या शैलीत मोठा बदल झाला. गरिबीचे चित्रण देखणे दिसू नये, म्हणून प्रकाश आणि चौकटीचे सौंदर्य त्यांनी जाणीवपूर्वक टाळले. होऊन गेलेल्या घटना कामगारांच्या मदतीने पुन्हा उभ्या करण्याची पद्धतही त्यांनी येथे वापरली. कार्ल मार्क्स यांचे चित्र घेऊन निघालेला मोर्चा चित्रीकरणासाठी पुन्हा काढण्यात आला. तेव्हा रस्त्यावरील लोक त्याला खऱ्या मोर्चासारखा प्रतिसाद देऊ लागले. या चित्रपटाच्या सार्वजनिक प्रदर्शनास बेल्जियम व नेदरलँड्समध्ये मज्जाव करण्यात आला, त्यामुळे तो कामगार संघटना व चित्रपट मंडळांतून दाखवला गेला.

त्याच काळात त्यांनी 'नीवे ग्रोंडन' (नवी जमीन) हा चित्रपट पूर्ण केला. झाउडरझी या सागरी उपसागराचे तोंड बांध घालून बंद करण्याचे काम मे १९३२ मध्ये संपले होते. या प्रचंड प्रकल्पाचे चित्रण ते आधीपासून करत होते आणि चित्रपटाचा मोठा भाग मानवी श्रमांचा गौरव करणारा आहे. शेवटच्या भागात मात्र त्याचा सूर बदलतो. समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर गहू पिकतो, पण महामंदीच्या काळात भाव टिकवण्यासाठी धान्य नष्ट केले जाते आणि दुसरीकडे बेकारांच्या रांगा लागतात. याचे संकलन हेलन व्हान डोंगन यांनी इव्हेन्स यांच्यासह केले आणि संगीत आइस्लर यांनी दिले.

स्पेन, चीन आणि अमेरिका

१९३६ मध्ये इव्हेन्स अमेरिकेत गेले. स्पेनमध्ये जनरल फ्रँको यांच्या बंडानंतर यादवी युद्ध सुरू झाले, तेव्हा प्रजासत्ताकाच्या बाजूने चित्रपट काढण्यासाठी न्यूयॉर्कमध्ये लेखकांचा एक गट एकत्र आला. अर्नेस्ट हेमिंग्वे, जॉन डॉस पॅसोस, लिलियन हेलमन आणि आर्किबाल्ड मॅकलीश यांचा त्यात सहभाग होता. छायालेखक जॉन फर्नहाउट यांच्यासह इव्हेन्स यांनी १९३७ मध्ये माद्रिदच्या आघाडीवर आणि फुएंतिदुएन्या या गावात चित्रीकरण केले. 'द स्पॅनिश अर्थ' या चित्रपटात राजधानीच्या संरक्षणाची लढाई आणि कोरड्या शेतांना पाणी मिळावे म्हणून गावकऱ्यांनी चालवलेले कालव्याचे काम यांची सांगड घातलेली आहे. निवेदन हेमिंग्वे यांनी लिहिले. ते प्रथम ऑर्सन वेल्स यांच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाले होते, परंतु अंतिम आवृत्तीत हेमिंग्वे यांचाच आवाज वापरण्यात आला. जुलै १९३७ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्यासाठी व्हाइट हाउसमध्ये त्याचा खेळ झाला. या चित्रपटाच्या खेळांतून स्पेनसाठी रुग्णवाहिका घेण्याकरिता निधी जमवण्यात आला.

स्पेनचे प्रजासत्ताकी आतून दुभंगलेले होते. चित्रपटात हा संघर्ष येत नाही. आपले मित्र होझे रोब्लेस यांची प्रजासत्ताकी बाजूकडूनच हत्या झाल्याचे समजल्यावर डॉस पॅसोस या प्रकल्पापासून दूर झाले.

१९३८ मध्ये इव्हेन्स चीनला गेले. जपानी आक्रमणाविरुद्धच्या लढ्यावरील 'द फोर हंड्रेड मिलियन' (चाळीस कोटी) हा चित्रपट १९३९ मध्ये प्रदर्शित झाला. छायाचित्रकार रॉबर्ट कापा या दौऱ्यात त्यांच्यासोबत होते. चिनी साम्यवाद्यांचे केंद्र असलेल्या येनान येथे जाऊ देण्यास चँग कै-शेक यांच्या सरकारने नकार दिला. तेव्हा इव्हेन्स यांनी आपला एक कॅमेरा गुपचूप तेथील चित्रपटकारांकडे पोहोचवला. येनानमधील सुरुवातीच्या चित्रीकरणासाठी तो वापरला गेला.

अमेरिकी सरकारच्या ग्रामीण विद्युतीकरण खात्यासाठी त्यांनी १९४० मध्ये 'पॉवर अँड द लँड' हा चित्रपट केला. ओहायो राज्यातील एका शेतकरी कुटुंबात वीज येण्यापूर्वीचे आणि आल्यानंतरचे कष्ट त्यात दाखवले आहेत.

इंडोनेशिया कॉलिंग

दुसऱ्या महायुद्धात डच ईस्ट इंडीज, म्हणजे आजचा इंडोनेशिया, जपानच्या ताब्यात गेला होता. या वसाहतीचे परागंदा डच सरकार ऑस्ट्रेलियातून कारभार पाहत होते. १९४४ मध्ये त्याने इव्हेन्स यांची चित्रपट आयुक्त म्हणून नेमणूक केली. वसाहतीची जपानी सत्तेपासून मुक्तता आणि तिची पुनर्रचना यांवर चित्रपट काढणे, हे त्यांचे काम होते. राणी विल्हेल्मिना यांनी डिसेंबर १९४२ मधील नभोवाणी भाषणात वसाहतींना युद्धानंतर अंतर्गत स्वायत्तता देण्याचे सूचित केले होते. त्यामुळे या कामात आपल्या विचारांशी तडजोड करावी लागणार नाही, असे इव्हेन्स यांना वाटत होते.

जपानच्या शरणागतीनंतर १७ ऑगस्ट १९४५ रोजी सुकार्नो आणि हत्ता यांनी इंडोनेशियाचे स्वातंत्र्य जाहीर केले. डच सरकारने ते मान्य केले नाही आणि सत्ता पुन्हा स्थापन करण्याची तयारी चालवली. ऑस्ट्रेलियाच्या बंदरांत उभ्या असलेल्या डच जहाजांतून त्यासाठी सैनिक, शस्त्रे आणि रसद जाणार होती. इंडोनेशियन खलाशांनी या जहाजांवर काम करण्यास नकार दिला. ऑस्ट्रेलियन गोदी कामगारांच्या संघटनांनी बहिष्कार पुकारला. त्यात चिनी आणि भारतीय खलाशीही सामील झाले.

२१ नोव्हेंबर १९४५ रोजी इव्हेन्स यांनी पदाचा जाहीर राजीनामा दिला आणि आपण इंडोनेशियाच्या स्वातंत्र्याच्या बाजूने आहोत, असे सांगितले. त्यानंतर मॅरियन मिशेल यांच्यासह कामगार संघटनांच्या मदतीने आणि तुटपुंज्या साधनांनी त्यांनी सिडनीत 'इंडोनेशिया कॉलिंग' हा सुमारे बावीस मिनिटांचा चित्रपट तयार केला. त्याचे निवेदन कॅथरीन डंकन यांनी लिहिले आणि अभिनेते पीटर फिंच यांनी वाचले. बंदरातून निघालेल्या एका डच जहाजाचा कामगार कार्यकर्ते छोट्या बोटीतून पाठलाग करतात. जहाजावरील भारतीय खलाशांना ते ध्वनिक्षेपकावरून परत फिरण्याचे आवाहन करतात आणि अखेरीस खलाशी काम थांबवतात, हा त्यातील सर्वाधिक चर्चिला गेलेला प्रसंग आहे. भारत स्वतः अजून स्वतंत्र झालेला नसताना त्याच्या खलाशांनी दुसऱ्या देशाच्या स्वातंत्र्यासाठी आपले काम व मजुरी सोडली. या घटनेचे चित्ररूप दस्तऐवज म्हणून या प्रसंगाला महत्त्व आहे. त्यातील काही भाग नंतर पुन्हा घडवून चित्रित करण्यात आला होता.

हा चित्रपट ऑगस्ट १९४६ मध्ये सिडनीत प्रदर्शित झाला. डच सरकारच्या दृष्टीने इव्हेन्स यांचे हे कृत्य विश्वासघाताचे होते. पुढील अनेक वर्षे त्यांना थोड्या मुदतीचाच पासपोर्ट दिला जाई आणि नूतनीकरणासाठी वारंवार डच वकिलातीत जावे लागे. नेदरलँड्सने इंडोनेशियाला सार्वभौमत्व डिसेंबर १९४९ मध्ये हस्तांतरित केले. त्यानंतरही इव्हेन्स यांच्याविषयीचा अधिकृत अविश्वास लगेच दूर झाला नाही.

पूर्व युरोप

१९४७ नंतरचा सुमारे एक दशकाचा काळ इव्हेन्स यांनी मुख्यतः पूर्व युरोपात काढला. 'द फर्स्ट इयर्स' (पहिली वर्षे, १९४९) या चित्रपटात बल्गेरिया, चेकोस्लोव्हाकिया आणि पोलंड यांच्या युद्धोत्तर उभारणीचे चित्रण आहे. मूळ योजनेत युगोस्लाव्हियाचाही समावेश होता. १९४८ मध्ये टिटो आणि स्टालिन यांच्यात फूट पडल्यावर तो भाग वगळण्यात आला.

१९५४ मध्ये पूर्व जर्मनीत तयार झालेला 'नद्यांचे गाणे' हा त्यांचा या काळातील सर्वांत मोठा चित्रपट होय. व्होल्गा, मिसिसिपी, नाईल, यांगत्से, अ‍ॅमेझॉन आणि गंगा या सहा नद्यांच्या काठी राबणाऱ्या कामगारांचे जीवन त्यात एकत्र आणले आहे. संगीत दिमित्री शोस्ताकोव्हिच यांचे, गीत बेर्टोल्ट ब्रेख्त यांचे आणि गायन पॉल रोबसन यांचे आहे. वेगवेगळ्या देशांतील छायालेखकांनी पाठवलेल्या चित्रीकरणातून इव्हेन्स यांनी हा चित्रपट जुळवला.

या काळातील चित्रपट सरकारे किंवा सरकारनिष्ठ संघटना यांच्या आश्रयाने तयार झाले. त्यांत सत्ताधारी पक्षाच्या भूमिकेपलीकडील काही आढळत नाही, आणि बोरिनाजमधील थेट निरीक्षणाची जागा घोषणांनी घेतली, असे अनेक समीक्षकांचे मत आहे.

पॅरिसमधील वास्तव्य आणि प्रवास

१९५७ च्या सुमारास इव्हेन्स पॅरिसमध्ये स्थायिक झाले. झाक प्रेव्हेर यांच्या कवितेवर आधारलेले निवेदन असलेल्या त्यांच्या सेन नदीवरील लघुपटाला १९५८ च्या कान चित्रपट महोत्सवात लघुपटासाठीचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. राजकीय प्रचारापासून दूर असलेला हा लघुपट त्यांच्या 'पाऊस'शी नाते सांगतो.

इटलीतील सरकारी तेल व वायू कंपनीचे प्रमुख एन्रिको मात्तेई यांच्यासाठी त्यांनी 'इटली गरीब देश नाही' हा दूरचित्रवाणी चित्रपट केला. दक्षिण इटलीतील दारिद्र्याची दृश्ये इटालियन दूरचित्रवाणीला मान्य झाली नाहीत आणि १९६० मध्ये तो काटछाट करून प्रसारित झाला. त्यानंतर त्यांनी माली आणि क्यूबा येथे चित्रपट तयार केले. चिलीतील 'आ व्हालपाराइसो' (१९६३) या चित्रपटात डोंगरउतारांवर वसलेल्या बंदराचे चित्रण असून त्याचे निवेदन क्रिस मार्कर यांनी लिहिले. रॉटरडॅम बंदरावरील १९६६ च्या चित्रपटाने ते बऱ्याच वर्षांनी पुन्हा डच विषयाकडे वळले.

व्हिएतनाम

अमेरिकेच्या व्हिएतनाममधील युद्धाविरुद्ध फ्रान्समधील दिग्दर्शकांनी १९६७ मध्ये एकत्रितपणे 'व्हिएतनामपासून दूर' हा चित्रपट काढला. इव्हेन्स यांचा त्यात सहभाग होता. त्याच वर्षी मार्सलीन लॉरिदाँ यांच्यासह ते उत्तर व्हिएतनामच्या दक्षिण टोकाकडील व्हिन्ह लिन्ह या भागात गेले. सतत बॉम्बवर्षाव होत असलेल्या या भागातील लोक भुयारांत राहत आणि संधी मिळेल तेव्हा शेती करत. इव्हेन्स आणि लॉरिदाँ सुमारे दोन महिने त्यांच्यात राहिले. १९६८ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'सतरावे अक्षवृत्त' या चित्रपटात लढाईपेक्षा भुयारांतील दैनंदिन जीवन, भातशेती आणि मुले यांना अधिक स्थान आहे. चित्रीकरणाच्या वेळी इव्हेन्स यांचे वय ६८ वर्षे होते.

चीन आणि युकाँग मालिका

१९७० च्या दशकात इव्हेन्स आणि लॉरिदाँ यांनी चीनमध्ये दीर्घ काळ चित्रीकरण केले. त्यातून तयार झालेली 'युकाँगने डोंगर कसे हलवले' ही बारा चित्रपटांची, सुमारे बारा तासांची मालिका १९७६ मध्ये पॅरिसमध्ये प्रदर्शित झाली. औषधांचे दुकान, जनित्रांचा कारखाना, मच्छीमारांचे गाव, शाळा अशा ठिकाणी लोकांना स्वतःच्या आवाजात बोलू देणे, हे या मालिकेचे वैशिष्ट्य होय. शाळेच्या मैदानात चेंडूवरून विद्यार्थी व शिक्षिका यांच्यात झालेल्या वादावरील भागाला १९७७ मध्ये लघु माहितीपटासाठीचा सेझार पुरस्कार मिळाला.

त्याच वर्षी, १९७६ च्या सप्टेंबरमध्ये, माओ त्से-तुंग यांचे निधन झाले आणि पुढच्या महिन्यात 'चौकडी'ला अटक झाली. सांस्कृतिक क्रांतीतील छळ आणि हत्या यांची माहिती जगापुढे येऊ लागल्यावर ही मालिका वादग्रस्त ठरली. कॅमेऱ्यासमोरील माणसे खरी असली, तरी ती कोणत्या भीतीखाली बोलत होती हे मालिकेतून कळत नाही, असा आक्षेप घेतला गेला. चीनमधील सामान्य माणसांच्या त्या काळातील जीवनाचे इतके विस्तृत चित्रीकरण क्वचितच उपलब्ध आहे, असे तिच्या समर्थकांचे म्हणणे आहे.

वाऱ्याची गोष्ट

'वाऱ्याची गोष्ट' (१९८८) हा इव्हेन्स यांचा शेवटचा चित्रपट लॉरिदाँ यांच्यासह दिग्दर्शित केलेला आहे. दम्याने त्रस्त असलेला एक वृद्ध चित्रपटकार चीनच्या वाळवंटात खुर्चीवर बसून वाऱ्याची वाट पाहतो. ही भूमिका इव्हेन्स यांनी स्वतःच केली. माहितीपट आणि कल्पित यांची सरमिसळ करणाऱ्या या चित्रपटात चिनी पुराणकथा आणि फ्रेंच चित्रपटकार जॉर्ज मेलिएस यांच्या चंद्रावरील चित्रपटाची आठवण येते. सम्राटाच्या थडग्यातील मातीच्या सैनिकांचे हवे तसे चित्रीकरण करण्याची परवानगी अधिकारी नाकारतात, तेव्हा दिग्दर्शक बाजारातून त्यांच्या प्रतिकृती विकत घेऊन त्यांचेच चित्रीकरण करतो. अनेक सरकारांच्या परवानगीने काम केलेल्या इव्हेन्स यांनी परवानगीसाठीची ही ओढाताण प्रथमच चित्रपटाचा विषय केली.

वैयक्तिक जीवन

इव्हेन्स यांचा पहिला विवाह १९२७ मध्ये छायाचित्रकार जेर्मेन क्रुल यांच्याशी झाला. त्यानंतर संकलक हेलन व्हान डोंगन आणि पोलिश कवयित्री एव्हा फिशर यांच्याशी त्यांचे विवाह झाले. १९७७ मध्ये त्यांनी मार्सलीन लॉरिदाँ यांच्याशी विवाह केला. लॉरिदाँ या आउशवित्झ छळछावणीतून बचावल्या होत्या.

सन्मान आणि मृत्यू

१९८५ मध्ये डच संस्कृती मंत्री एल्को ब्रिंकमन यांनी एका पुरस्काराच्या निमित्ताने इव्हेन्स यांची भेट घेतली. इंडोनेशियाच्या प्रश्नावर त्यांच्या विरोधकांपेक्षा त्यांचीच बाजू इतिहासाने योग्य ठरवली, असे ब्रिंकमन यांनी मान्य केले. राजीनाम्यानंतर चाळीस वर्षांनी डच सरकारकडून मिळालेली ही कबुली होती. १९८८ मध्ये व्हेनिस चित्रपट महोत्सवात त्यांना कारकिर्दीबद्दल सुवर्णसिंह देण्यात आला. १९८९ च्या सुरुवातीस नेदरलँड्सने त्यांना राष्ट्रीय सन्मान दिला. २८ जून १९८९ रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षी पॅरिस येथे त्यांचे निधन झाले. मोंपार्नास दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.

मूल्यमापन

इव्हेन्स यांच्या कार्याचे मूल्यमापन आजही एकमताने होत नाही. हान्स स्खोट्स यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चरित्रात त्यांच्या पक्षनिष्ठेची आणि त्यांच्याभोवती तयार झालेल्या आख्यायिकांची कठोर चिकित्सा केली आहे. त्यांच्या समर्थकांच्या मते वसाहतवाद, फॅसिझम आणि बेकारी यांच्याविरुद्ध त्यांनी घेतलेली बाजू काळाच्या कसोटीवर उतरली आहे. बोरिनाज, स्पेन, सिडनी आणि व्हिन्ह लिन्ह येथे त्यांचा कॅमेरा संकटात सापडलेल्या माणसांसोबत होता. मॅग्निटोगोर्स्क आणि १९५० च्या सुमाराचा पूर्व युरोप येथे तो सत्तेसोबत होता. त्यांच्या चित्रपटांतील गुणवत्तेचा फरक अनेक अभ्यासक याच मुद्द्यावरून स्पष्ट करतात.

घटना पुन्हा घडवून चित्रित करणे माहितीपटात कितपत योग्य, प्रायोजकाच्या पैशावर काम करताना दिग्दर्शकाला किती स्वातंत्र्य राहते आणि बाजू घेणारा माहितीपट प्रचारपटापासून कोठे वेगळा होतो, या प्रश्नांच्या चर्चेत त्यांच्या चित्रपटांचे दाखले दिले जातात. नाइमेगेन येथील त्यांच्या नावाची संस्था त्यांच्या चित्रपटांचे आणि कागदपत्रांचे जतन करते.

निवडक चित्रपट

पूल (१९२८)
पाऊस (१९२९)
फिलिप्स रेडिओ (१९३१)
नवी जमीन (१९३३)
बोरिनाजमधील दैन्य (१९३४)
द स्पॅनिश अर्थ (१९३७)
द फोर हंड्रेड मिलियन (१९३९)
पॉवर अँड द लँड (१९४०)
इंडोनेशिया कॉलिंग (१९४६)
द फर्स्ट इयर्स (१९४९)
नद्यांचे गाणे (१९५४)
आ व्हालपाराइसो (१९६३)
सतरावे अक्षवृत्त (१९६८)
युकाँगने डोंगर कसे हलवले (१९७६)
वाऱ्याची गोष्ट (१९८८)